सव्वादोन क्विलात: एका अंगठीच्या प्रकल्प नोंदी

११ जून २०२४, म्हापसा

संध्याकाळी साडेसहाला फोंड्याच्या काकी आल्या. सोबत भाचा, भिजलेली छत्री आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात किल्ल्या, पोवळ्यांची तुटकी माळ, दोन चांदीच्या सुपाऱ्या आणि तळाला रुमालाच्या गाठीत अंगठी. लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर एकच बल्ब. त्या उजेडात बघून लिहिलं: एक खडा, पिवळा, तपकिरी झाक, जुना घाट.

काम असं. घरात वाटणी चालू आहे. काकी, त्यांचे धाकटे दीर आणि नणंद असे तीन वाटेकरी. बाकी सगळं ठरलं, अंगठीवर अडलं, कारण ती नक्की काय आहे यावरच एकमत नाही. एका पक्षाच्या मते ती कुळातल्या कोणीतरी गोवळकोंड्याहून आणली. दुसऱ्याच्या मते पेशव्यांच्या माणसाने नजर केली. नणंदबाईंच्या मते साधा पुष्कराज (टोपाझ) आहे आणि उगाच वेळ दवडू नये.

आणखी एक कथा आहे, ती आमच्याबद्दल. काकींनी चहाचा कप हातात धरून, आवाज न चढवता सांगितली. "मामंजींनी हिरवा खडा दिला होता शेटांकडे, परत आला तो पिवळा. आता तूच बघ बाय. तुमच्याच घरचं काम ते."

हे शेट म्हणजे माझे सोनार आजोबा. आमच्याकडे ही गोष्ट कोणी कधी पुरती सांगितली नाही. फोंड्याला जाताना आजोबा बांदोड्याचा रस्ता टाळायचे, एवढं बाबांना आठवतं. त्या घरचं काम १९५६ नंतर आमच्या दुकानात आलं नाही.

काम घ्यावं की नाही यावर बाबांशी रात्री बोलणं झालं. मी घ्यायचं म्हटलं, अटी घालून: खड्याचा अंतिम निकाल बाहेरच्या प्रयोगशाळेचा, माझा नव्हे. तिघांच्या सह्या असल्याशिवाय कोंदणाला हात नाही. आणि जे दिसेल ते इथे लिहायचं, आमच्या विरुद्ध गेलं तरी.

१३ जून

पहिली खरी तपासणी. अंगठी सकाळपासून उत्तरेच्या खिडकीखाली पांढऱ्या कागदावर. पावसाळी ढगाळ उजेड आमच्या धंद्याला बरा, उन्हाची तिरीप नाही की निळं आकाश नाही.

सोनं आधी. कसोटीवर कस चांगला लागला, नंतर मशीनवर ९०.८ टक्के. पोर्तुगालमध्ये दागिन्याचं ठरीव सोनं हजारी ८००, म्हणजे १९.२ कॅरट, आणि तिथला माल असला तर ठसाही असतो. इथे ठसा नाही आणि सोनं त्याहून चोख. कडीवरची पानांची नक्षी मी आमच्या तालुक्यातल्या जुन्या पाटल्यांवर पाहिली आहे. अंगठी इथेच घडवलेली, लिस्बनची नव्हे.

कोंदण मागून उघडं आहे, हे नशीब. बंद असतं तर आत लाख आणि खड्यामागे डाक, म्हणजे चमकीचा पातळ पत्रा, मग रंगाचं काहीच खरं नसतं. डाक बदलला की फिकट खडासुद्धा गडद दिसतो.

खडा चौकोनी, कोपरे गोलसर, माथा उंच, टेबल म्हणजे वरचा सपाट पैलू लहान. खाली टोकाला सुई नाही, चपटा पैलू आहे, वरून बघितलं की मधोमध भोकासारखा दिसतो. हातानं कापलेला, यंत्रयुगाच्या आधीचा घाट. पैलूंच्या कडा अजून धारदार. पुष्कराज असता तर इतक्या वर्षांत कडा थोड्या तरी बोथटल्या असत्या. भिंगातून आतल्या कडा दुहेरी दिसत नाहीत, म्हणजे झिरकॉन नाही आणि मॉइसनाइटही नाही. उष्णतेच्या टेस्टरवर काटा पार शेवटाला.

हिरा आहे. नणंदबाईंची कथा संपली.

रंग मात्र मी परवा लिहिला तो नाही. दिवसा खडा हिरवट दिसतो, शेवाळी, त्यात राखेची झाक. परवाची नोंद बल्बखालची, पिवळ्या उजेडात सगळंच पिवळं. नोंद खोडली नाही, शेजारी "बल्बखाली" एवढं लिहिलं. गर्डलजवळ, म्हणजे खड्याच्या कंबरेच्या कडेजवळ, पिसासारखी एक चीर, तिच्या डावीकडे काळे तीन ठिपके. फोटो घेतले. रात्री तिजोरीत.

१४ जून

सकाळी साडेनऊला तिजोरी उघडली, डबी काढली, आणि आत पिवळा खडा.

बल्ब नव्हता. तीच खिडकी, तोच कागद, तोच ढगाळ उजेड. कालचं हिरवं जवळजवळ गेलेलं, पिकल्या अननसाच्या सालीसारखा रंग. हात गार पडले हे लिहायला लाज वाटत नाही. तिजोरीची चावी माझ्याकडे आणि बाबांकडे. आमच्यावर खडा बदलल्याचा आळ घेऊन आलेली अंगठी, आणि तिसऱ्या दिवशी आमच्याच तिजोरीत खडा बदललेला. पाच मिनिटं मी बाबांनाही हाक मारली नाही.

मग कालचे फोटो उघडले. चीर तिथेच. तीन ठिपके तिथेच, डावीकडे, मधला जरा मोठा. खडा तोच.

भिंगाखालून मान वर करून पुन्हा पाहिलं तोवर खडा पालटायला लागला होता. कडेकडून हिरवट. घड्याळ लावलं. बारा मिनिटांत कालचा शेवाळी रंग परत. बाबा दारात येऊन उभे होते ते मला कळलंच नाही. म्हणाले, "सरडा आहे हा."

धंद्यात याला कॅमेलियन हिरा म्हणतात, पण मी तो फक्त अभ्यासात वाचला होता, हातात कधी आला नव्हता. अंधारात काही तास ठेवला तर पिवळसर होतो, उजेडात हिरव्यावर येतो. तापवला तर बदल आणखी ठळक, साधारण दीडशे अंश सेल्सियसला नारिंगी पिवळा, निवला की पुन्हा हिरवा. दोन्ही खेपांना मूळ रंग आपोआप परत येतो.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून अतिनील टॉर्च मारला. खडा पिवळा उजळला. टॉर्च बंद केल्यावरही तेवत राहिला, बाबांची तपकिरीची डबी शोधून होईपर्यंत. हेही या जातीचं लक्षण.

काकींना फोन केला नाही. आधी कागद बघायचे.

१८ जून

दुबईच्या पुतण्याचा फोन, दिरांचा मुलगा. त्याला "गोवळकोंड्याचा हिरा" असं लेटरहेडवर लिहून हवं आहे. बाहेरच्या लिलावात त्या शब्दाला भाव येतो, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. माझं म्हणणं त्याला आवडलं नाही, ते इथे सविस्तर लिहून ठेवते म्हणजे पुन्हा फोनवर बोलावं लागणार नाही.

बाजारात हल्ली "गोवळकोंडा" म्हणतात ते बहुतेक वेळा खाणीला नाही, जातीला. नायट्रोजन जवळजवळ नसलेले, पाण्यासारखे स्वच्छ असे टाइप टू-ए हिरे. निळे ते टाइप टू-बी, त्यांचा रंग बोरॉनमुळे. गुलाबी आणि तपकिरी रंग स्फटिकाची जाळी जमिनीखालच्या दाबाने पिळवटली म्हणून. हिरवे बहुधा किरणोत्सारी खनिजाशेजारी पडून राहिल्याने. पिवळे नायट्रोजनमुळे. कॅमेलियन हा टाइप वन-ए, नायट्रोजन भरपूर, शिवाय हायड्रोजन आणि निकेलचा अंश. म्हणजे व्यापारी अर्थाने तो गोवळकोंडा ठरूच शकत नाही.

आणि खऱ्या अर्थाने? कापलेल्या हिऱ्याकडे बघून तो कुठल्या खाणीचा हे कोणतीही प्रयोगशाळा सांगत नाही. माणकाच्या, पाचूच्या बाबतीत आतल्या खुणांवरून देश सांगता येतो, हिऱ्याचं तसं नाही. त्याचा गाव कागदावरच कळतो.

गोव्यापुरतं बोलायचं तर इथे हिरा असणं यात नवल नाही. गार्सिया द ओर्ता हा वैद्य स्वतः रत्नांचा व्यवहार करायचा. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिऱ्यावर अख्खं प्रकरण आहे आणि हिरा पोटात गेला की माणूस मरतो ही समजूत त्याने तिथेच खोडली आहे. जाक द कुत्र हा फ्लेमिश जव्हेरी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात राहून दख्खनच्या खाणींपर्यंत जायचा. फ्रेंच जव्हेरी ताव्हेर्निये १६४१ आणि १६४८ मध्ये इथे येऊन गेला. पण १७२० नंतरच्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, ते पोर्तुगालचेच राज्य. ब्राझीलचा माल गोव्यात आणून हिंदुस्थानचा म्हणून खपवायचे असं जुने व्यापारी सांगतात. १८६७ पासून दक्षिण आफ्रिका. आमचा खडा या तिन्हींपैकी कुठलाही असू शकतो. घाट जुना आहे म्हणून आफ्रिकेला गुण कमी, एवढंच.

पुतण्या म्हणाला, "मग निदान रीकट करून घेऊया, चकाकी तरी येईल." नको म्हटलं. विटेल्सबाख हा निळा हिरा ३५.५६ कॅरटचा होता. २००८ मध्ये विकला गेल्यावर नव्या मालकाने घासून ३१.०६ चा केला, रंग आणि स्वच्छता सुधारली, आणि इतिहास घासून टाकला म्हणून जाणकारांनी बोल लावले. होप हिऱ्याचं उदाहरण तर याहून बोलकं. फ्रेंच राजाचा निळा हिरा १७९२ च्या लुटीत गेला, कोणीतरी तो कापून बारीक केला. तोच हा हिरा, असं लोक म्हणत होते, पण पुरावा लागायला २००७ उजाडलं, तेव्हा पॅरिसच्या संग्रहालयात मूळ खड्याची शिशाची प्रतिकृती सापडली. आमच्याकडे शिशाची प्रतिकृती नाही. आमच्याकडे वजन आहे, आणि ते अजून कागदाशी ताडायचं आहे.

२७ जून

कागद आले. काकींच्या घरची इन्व्हेंतार, सन १९३४, शिक्क्यासह नक्कल.

बाहेरच्या वाचकासाठी: गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहिता १ जुलै १८७० पासून लागू झाली. माणूस गेला की वाटणीसाठी कोर्टात मिळकतीची मोजदाद होते, तीच इन्व्हेंतार. भाट म्हणजे बागायत, घर, भांडी, बैल, दागिने, सगळं नगावर नग. किंमत ठरवणारे कोर्टाने नेमलेले. मग वारसांत वाटणी, मुलींसकट. इतर ठिकाणी दागिन्याचा माग काढताना पत्रं, तसबिरी, ऐकीव गोष्टी चाळाव्या लागतात. आपल्याकडे कोर्टाचा कागद असतो. रत्नांचा धंदा करणाऱ्यांनी याचा फायदा फारसा घेतलेला नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

पोर्तुगीज मला येत नाही. शेजारच्या निवृत्त वकील सरांनी वाचून दाखवलं. नग चाळिसावा की एक्केचाळिसावा, शाई फुटली आहे: सोन्याची अंगठी, एक खडा, "पेद्रा व्हेर्द" म्हणजे हिरवा खडा, वजन सव्वादोन क्विलात (पोर्तुगीज कॅरट), किंमत रुपये आणि तांगांत. खड्याचं नाव नाही. पाचू म्हटलेलं नाही, हिरा म्हटलेलं नाही. किंमतदाराला समजलं नाही, तर त्याने रंग आणि वजन लिहून सोडून दिलं. याला मी प्रामाणिक काम म्हणते.

एक शंका: कोंदणात बसलेल्या खड्याचं वजन सव्वादोन असं कसं लिहिलं? खडा कधीतरी सुटा तोलला असणार, आणि ते वजन घरात माहीत असणार. किंवा खडा तेव्हा सुटाच होता. पण नोंद तर अंगठीची आहे.

क्विलात आणि आजचा कॅरट एक नाही. २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट १९०७ साली ठरला. त्याआधीचा गावोगावी थोडा वेगळा, पोर्तुगीजांचा साधारण २०५ ते २०६ मिलिग्रॅम. सव्वादोन क्विलात म्हणजे ४६१ ते ४६४ मिलिग्रॅम. खडा सुटा तोलला तर इतका भरायला हवा.

५ जुलै

दुसरा कागद, आणि आमच्या विरुद्धचा. बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुची गहाण पावती, १९६०. रक्कम एश्कूदात, तेव्हा रुपया नुकताच जाऊन एश्कूद आला होता, तेवढं जुळतं. वर्णन: "आनेल" म्हणजे अंगठी, आणि खडा "आमारेला". पिवळा.

१९३४ हिरवा. १९५६ आजोबांकडे. १९६० पिवळा. काकींच्या सासऱ्यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून काय निष्कर्ष काढला असेल ते वेगळं सांगायला नको. त्यांच्या जागी मी असते तर तोच काढला असता.

पुढचा प्रवास सगळ्या गोव्याला ठाऊक आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होण्याआधी त्या बँकेतलं गहाणाचं सोनं लिस्बनला गेलं. तीस वर्षं तिकडे. १९९१ ला परत भारतात आलं आणि मग ज्यांच्याकडे पावत्या होत्या त्यांना मिळत गेलं. काकींच्या घरात पावती जपली होती ती गणपतीच्या मखराच्या कागदांत. अंगठी मिळाली, बघितली, पिवळीच होती, डब्यात टाकली. कोणाला ती घालावीशी वाटली नाही.

काकींना आज फोनवर विचारलं: १९३४ ची मोजदाद घरात कुठे झाली असेल? म्हणाल्या, राजांगणात, दुसरी जागाच नाही, दागिने सुपात मांडले होते असं सासूबाई सांगायच्या, सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत. आणि बँकेत? डबीतून काढली, बघितली, लिहिलं, पुडीत घातली.

राजांगण म्हणजे माथ्यावर आकाश. दिवसभर उजेडात पडलेला खडा: हिरवा. डबीतून काढलेला: पिवळा. दोन्ही लिहिणारे खरं लिहून गेले. अर्थात हा तर्क आहे, मी तो तर्क म्हणूनच लिहिला आहे.

९ जुलै

आजोबांच्या वह्या माळ्यावर. तीन वाळवीने खाल्ल्या. १९५६ ची वाचली, पाठीचा भाग सोडून.

नोंद दोन ओळींची. अंगठी एक, खड्यासकट, सात मासे. माप वाढवणे. सोने घातले एक गुंज. झाळ. दिली सात मासे एक गुंज. मजुरी. रंगाबद्दल अक्षर नाही. बाबा वही घेऊन बराच वेळ बसले होते. एखादी ओळ तरी सापडेल असं त्यांना वाटत होतं.

सात मासे म्हणजे ६.८० ग्रॅम, एक गुंज धरून ६.९२. आज अंगठी ६.९१ भरते. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, वजन जुळलं म्हणजे खडा तोच. तसं नाही. पुष्कराज आणि हिरा यांची घनता जवळजवळ सारखी, साडेतीनच्या आसपास. त्याच मापाचा पुष्कराज बसवला तरी तराजूला कळणार नाही. वजनाने आजोबा सुटत नाहीत.

पण नोंदीत जे नाही ते महत्त्वाचं. "खडा काढून बसवणे" याची मजुरी आमच्याकडे कायम वेगळी लिहितात, त्याच पानावर दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांना लावली आहे. या अंगठीला नाही. म्हणजे कडी कापून, तुकडा घालून, फुंकणीच्या जाळावर झाळली ती खडा आत असताना. पुष्कराज आगीत तडकतो, पाचूचं तर विचारूच नका. कुठलाही सोनार अनोळखी खडा काढूनच झाळतो. टाकणखार लावून खड्यासकट जाळावर धरायला खडा हिरा आहे याची खात्री लागते.

आणि खड्यासकट जाळावर धरला, तर त्या वेळी दुकानात उभ्या माणसाला काय दिसलं असेल?

बाबा म्हणाले, "मामंजी कामाच्या वेळी बसून राहायचे समोर. सगळेच भाटकार बसायचे." एवढंच म्हणाले.

१६ जुलै

तिघांच्या सह्या आल्या, पुतण्याची ईमेलवर. बाबांनी खडा सोडवला. कोंदणाची कड मेणाच्या काठीला टेकवून, बोथट पोलादी पट्टीने, एक एक बाजू उचलत. पाऊण तास. मी मध्ये दोनदा बोलले, दोन्ही वेळा गप्प बसवलं गेलं.

खड्याच्या बुडाला साबणाचा आणि मळाचा थर. स्पिरिटमध्ये धुतला.

हवेत २.३१० कॅरट. पाण्यात १.६५४. घनता ३.५२.

२.३१० कॅरट म्हणजे ४६२ मिलिग्रॅम. सव्वादोन क्विलात. बाबांनी तराजू शून्यावर आणून तीनदा तोलला.

२२ जुलै

खडा मुंबईला प्रयोगशाळेकडे, विमा उतरवून. होप हिरा १९५८ साली न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला साध्या रजिस्टर्ड पोस्टाने गेला होता. मला तेवढी छाती नाही.

सोबत मुद्दाम विचारलेली गोष्ट: हिरवा रंग नैसर्गिक की भरलेला? इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम क्रूक्सने १९०४ च्या सुमाराला रेडियमच्या सान्निध्यात ठेवून हिरे हिरवे केले होते, त्यातले अजून किरणोत्सारी आहेत. १९३४ च्या आधी असा एखादा गोव्यात आला नसेलच असं छातीठोक सांगता येत नाही. तसा खडा अंधारात पिवळा होत नाही, पण विचारलेलं बरं.

६ ऑगस्ट

काही नाही. वाट बघणं. पणजीला पुराभिलेखागारात एक दिवस घालवला, १९३४ च्या मागे काही मिळतं का बघायला. १५९५ पासूनचा तो दफ्तरखाना, पहिला रखवालदार दियोगो दु कोउतो. मिळालं काही नाही, येताना बस चुकली.

२० ऑगस्ट

अहवाल आला. नैसर्गिक हिरा, टाइप वन-ए, हायड्रोजन ठळक. रंग नैसर्गिक, किरणोत्सार नाही. प्रत: फॅन्सी ग्रेइश यलोइश ग्रीन. शेऱ्यात: तापवल्यावर व अंधारात ठेवल्यावर तात्पुरता रंगबदल, कॅमेलियन. वजन २.३१.

बिनरंगी हिऱ्याचा रंग उलटा ठेवून मागून बघतात, डी ते झेड. रंगीत खड्याचा मात्र समोरून, आणि हा असला तर त्याच्या स्थिर रंगात. म्हणून हिरवा.

पुतण्याचा फोन. आता त्याला अंगठी दुबईला न्यायची आहे आणि माझ्या कागदावर "किमान दोनशे वर्षं जुनी" असं हवं आहे. त्याला १९७२ चा पुरावस्तू कायदा सांगितला. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरली की खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे मी त्याला हवं ते लिहिलं तर त्याचीच वाट बंद. फोनवर जरा शांतता. मग, "तर मग शंभरच्या आत लिहा." तेही लिहिणार नाही. कागद सांगतो १९३४ ला होती. आज त्याला नव्वद वर्षं झाली. घाट त्याहून जुना दिसतो, आणि ते अहवालात येणार. मग त्याने पुरातत्त्ववाल्यांकडे रीतसर विचारावं.

२ सप्टेंबर

चवथ पाच दिवसांवर, दुकानात गर्दी, तरी काकी आजच आल्या. दीर आणि नणंदबाईही. बाबांनी खडा बसवण्याआधी तिघांना आत बोलावलं.

उजेडात हिरवा खडा आधी तिघांच्या तळहातावर फिरला. मग बाबांनी तो तांब्याच्या पत्र्यावर ठेवून खाली स्पिरिटचा दिवा लावला, जपून, लांबून. पहिलं मिनिटभर काहीच झालं नाही. मग हिरव्यात मधाची धार आल्यासारखं झालं आणि बघता बघता अख्खा खडा गडद पिवळा. दिवा विझवला. कोणी बोललं नाही. निवता निवता हिरवा परत आला, अगदी शेवटी मधला चपटा पैलू.

दीर खाली बघत होते. काकी म्हणाल्या, "मामंजी नेमके इथेच बसायचे का?" बाबांनी बाकाकडे बोट दाखवलं. बाक तेव्हाचाच आहे, वेत दोनदा बदलला.

नणंदबाई म्हणाल्या, "मग आता कागदावर काय लिहायचं? हिरवा की पिवळा?" मी म्हटलं हिरवा, आणि खाली शेरा. "सरडा म्हणून लिहू नका हं," काकी म्हणाल्या, "वाटणीच्या कागदात बरं दिसत नाही."

माझ्या अहवालात मालकीचे टप्पे तीन: १९३४ ची इन्व्हेंतार, १९६० ची पावती, २०२४ चं वजन. मधली १९५६ ची नोंद आमच्या घरची, म्हणून ती वेगळ्या पानावर, आमचा संबंध नमूद करून. १९३४ च्या मागे कोरं. पेशवे नाहीत, गोवळकोंडा नाही.

अंगठी काकींकडे राहायची ठरली, बदल्यात त्या भाटातला थोडा वाटा सोडणार. त्यांनी ती तिथेच घालून बघितली. सैल. १९५६ ला वाढवलेलं माप, आता एक गुंज काढावं लागणार.

बाबांनी वही उघडली. अंगठी एक, खड्यासकट. माप कमी करणे. मग पेन थांबवून विचारलं, खडा काढून करू की तसाच? काकी म्हणाल्या, "तसाच करा. मी बसते इथे."